सव्वादोन किलोंची बॅटरी आणि नऊ दिवस उभी गाडी

जूनचा दुसरा आठवडा, सोमवार. दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात फोन आला.

"काका, गाडी पार मेलीया. सेल्फ लांबच राहिला, किल्लीचं बटन पण घेईना."

मी शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. पावसाळा सुरू झाला की असले फोन रोजचेच, म्हणून बूस्टर केबल पिशवीत टाकली आणि राजारामपुरीत गेलो. गाडी २०१३ ची पेट्रोल स्विफ्ट. मालक सत्तावीस-अठ्ठावीसचा, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला. रोज जाऊन-येऊन पंधरा-वीस किलोमीटर गाडी पळते. कंपनीच्या ट्रेनिंगला तो शनिवारी सकाळी एसटीने पुण्याला गेला आणि पुढच्या रविवारी रात्री परतला. म्हणजे गाडी नऊ दिवस दारात उभी.

किल्लीने दार उघडलं. आतला दिवा नाही, मीटरवर एकही खूण नाही. बॅटरी उतरली तरी साधारणपणे काहीतरी धुगधुगी असते, रिले टकटक करतो, दिवा लाल का होईना पेटतो. इथे ठार अंधार. बॉनेट उचललं आणि पाहतच राहिलो. बॅटरीच्या ट्रेमध्ये शाळेतल्या डब्याएवढा काळा डबा, चहूबाजूंनी थर्मोकोल कोंबलेलं, वरून दोन प्लॅस्टिकचे टाय. मल्टिमीटर लावला तर ०.४ व्होल्ट.

"ही कुठली रे?"

"लिथियम हाय काका. फेब्रुवारीत घातली. वजन वाचतंय."

वजनाची हौस

कोल्हापूरला गाड्यांचं वेड जुनं. कुस्तीइतकं नसेल, पण आहे. मोहित्यांचा रेसिंग ट्रॅक इथे आहे, फॉर्म्युला गाड्या चालवणारा कृष्णराज महाडिक इथलाच. त्यामुळे गल्लीत दोन पोरं तरी अशी सापडतात की ज्यांना आपली गाडी दोन सेकंदांनी जलद पळवायची असते. आमचा हा गडी त्यातला. फेब्रुवारीत ट्रॅकवर गाडी न्यायची ठरली, त्याआधी त्याने इंटरनेटवरून ही बॅटरी मागवली आणि घरीच बसवली.

दुकानात आणल्यावर पहिलं काम वजनाचं केलं. शेजारच्या भंगारवाल्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे. जुनी शिशाची बॅटरी त्याने घरात जिन्याखाली ठेवली होती, तीही आणायला लावली. जुनी भरली ९ किलो ४०० ग्रॅम, नवी २ किलो २०० ग्रॅम. वाचले ७ किलो २०० ग्रॅम. थर्मोकोल धरलं नाही.

हा आकडा खरा आहे आणि तो छोटा नाही. गाडीच्या फार थोड्या भागांत इतकं वजन, इतक्या कमी मेहनतीत, काहीही न कापता उतरवता येतं. शिवाय ते उतरतं पुढच्या चाकांवरून, जिथे स्विफ्टसारख्या गाडीचा भार आधीच जास्त असतो. पोर्शेने २०१० च्या सुमारास ९११ जीटी३ आणि बॉक्स्टर स्पायडर या गाड्यांना अशीच लिथियमची बॅटरी जादा पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली होती. वजन ६ किलोंच्या आत, क्षमता १८ अँपियर-तास (म्हणजे एक अँपियर करंट अठरा तास पुरेल इतका साठा), नेहमीच्या बॅटरीपेक्षा १० किलोंनी हलकी. पण त्या बॅटरीबरोबर गिऱ्हाइकाला नेहमीची शिशाची बॅटरीही मिळायची, थंडीच्या दिवसांत बदलून घालायला. जाहिरात वाचणाऱ्यांच्या लक्षात दहा किलो राहतात, दुसरी बॅटरी राहत नाही.

डब्यावरचा ३५

डब्यावर ठळक अक्षरांत ३५ लिहिलेलं होतं. जुनी ३५ अँपियर-तासांची, नवीही ३५ ची, मग काळजी कसली, असा त्याचा हिशेब. चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली. ३५ च्या पुढे शिशाशी तुलना असल्याची खूण होती आणि कोपऱ्यात १५३.६ वॉट-तास छापलं होतं. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलचा व्होल्टेज १२.८ धरतात. १५३.६ भागिले १२.८, उत्तर बरोबर १२. खरी क्षमता १२ अँपियर-तास.

याला सरळ फसवणूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे ३५ मधले रोजच्या वापराचे साडेसतराच. लिथियम जवळजवळ तळापर्यंत वापरता येते. आणि नुसत्या सेल्फपुरतं बोलायचं तर १२ ची लिथियम ३५ च्या शिशाला भारी पडते. तुलना करणाऱ्याने सेल्फ मारण्याची तुलना केली आहे. गाडी उभी राहण्याची केलेली नाही.

सेल्फचं गणित एकदा करून पाहण्यासारखं आहे. क्लॅम्प मीटरवर या गाडीचा सेल्फ सुरुवातीला क्षणभर २८० अँपियरपर्यंत उडी मारतो आणि मग १२० च्या आसपास राहतो. सेकंदाच्या आत इंजिन घेतं. सढळ हाताने सरासरी १५० अँपियर आणि पूर्ण एक सेकंद धरू. १५० भागिले ३६००, म्हणजे ०.०४२ अँपियर-तास. बारा अँपियर-तासांत असे अडीचशेच्या वर सेल्फ बसतात. सेल्फला लागतो तो जोर, साठा नाही. तो जोर नवीत भरपूर होता. नंतर चार्ज करून दोन्ही बॅटऱ्या आळीपाळीने लावून पाहिल्या, तेव्हा सेल्फ मारताना शिशाची १०.२ व्होल्टपर्यंत खाली आली, लिथियम ११.३ वर थांबली. इंजिन फिरल्याचा आवाजसुद्धा वेगळा, खणखणीत. चार महिने पोरगा त्या आवाजावर खूश होता आणि त्यात त्याची चूक नव्हती.

आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूची. बॅटरीवर सीसीए म्हणून जो आकडा असतो, म्हणजे थंडीत सेल्फ मारायची ताकद, तो उणे १८ अंशांवर मोजलेला असतो. कोल्हापुरात डिसेंबरच्या पहाटे रंकाळ्यावर स्वेटर घालून फिरणारे आपण, आपला पारा बारा-चौदाच्या खाली क्वचित जातो. बर्फातली गाडी सुरू करायची ताकद आपण विकत घेतो आणि ती कधीच वापरत नाही. तेव्हा इथे लहान बॅटरी चालणारच नाही असं म्हणणाऱ्या मिस्त्रींशी माझं जमत नाही.

उभी गाडी काय खाते

आता मुख्य काम. गाडी बंद असताना किती करंट जातो ते मोजायचं.

हे मोजताना घाई केली की आकडा खोटा येतो. शिशाची बॅटरी जोडली. मीटर १० अँपियरच्या खुंटीवर लावून एक टोक निगेटिव्हच्या खांबाला, दुसरं निगेटिव्ह केबलला धरलं आणि मगच केबल खांबावरून उचलली, म्हणजे गाडीचा पुरवठा क्षणभरही तुटत नाही आणि सगळी सर्किटं नव्याने जागी होत नाहीत. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवायचं होतं, कारण फ्यूजबॉक्स आत आहे. मग दाराच्या कुलपातली जीभ स्क्रूड्रायव्हरने फिरवून बसवली. गाडीला वाटतं दार लागलं, दिवा विझतो. किल्ली लांब टेबलावर ठेवली. या सगळ्यात कोणी सेल्फ मारायचा नाही. माझ्याकडच्या पोराने मागच्या वर्षी मारला होता, मीटर तिथेच गेला.

सुरुवातीला मीटर पावणेदोन अँपियर दाखवत होता. पाच मिनिटांनी ४०० मिलिअँपियर. चहा आला, संपला. अर्ध्या तासाने आकडा ९७ मिलिअँपियरवर येऊन बसला, तो हलेना.

या गाडीला वीस-पंचवीसच्या आत हवा होता. एकेक फ्यूज काढत गेलो. घड्याळ-म्युझिकचा फ्यूज काढला तसा आकडा धाडकन ३९ वर. ट्रॅकरची वायर सोडली, २१ वर. म्हणजे गाडी स्वतः २१, ट्रॅकर १८, म्युझिक सिस्टिम ५८.

ट्रॅकर वडिलांनी बसवायला लावला होता, त्याला इलाज नाही. म्युझिक सिस्टिम मात्र बाहेर ओढली. मागच्या दिवाळीत बसवलेली मोठ्या पडद्याची अँड्रॉइड. हिला दोन पुरवठे लागतात. पिवळी वायर कायम चालू, तिच्यावर आठवण टिकते. लाल वायर किल्लीवर, किल्ली काढली की सिस्टिम बंद व्हावी म्हणून. बसवणाऱ्याने लाल आणि पिवळी एकत्र पिळून वर टेप गुंडाळली होती. त्यामुळे सिस्टिम कधी बंदच होत नव्हती, पडदा काळा करून नुसती डुलक्या घेत होती. मालकाला हे आवडलं होतं. "किल्ली फिरवली की लगेच गाणं लागतंय काका, बाकीच्यांच्या सिस्टिमला मिनिट लागतंय."

९७ मिलिअँपियर म्हणजे दिवसाला २.३ अँपियर-तास. बारा अँपियर-तास पाच दिवसांत संपतात. शनिवारी सकाळी निघाला होता, गुरुवारी ती बॅटरी कोरडी पडली. तो पुण्यात वर्गात बसला होता.

आता जुन्या बॅटरीचं काय झालं असतं? नऊ दिवसांत २१ अँपियर-तास गेले असते, ३५ मधले १४ उरले असते. सोमवारी सेल्फ कण्हला असता, पण जून महिन्यात पेट्रोल इंजिन बहुधा घेतलं असतं. मालक ऑफिसला गेला असता आणि लाल-पिवळी वायर तशीच पिळलेली राहिली असती. दिवाळीपासून ती तशीच होती की! आधी मोठी बॅटरी तो दोष रोज पोटात घालत होती. नवी आल्यावर रोजच्या पंधरा-वीस किलोमीटरने झाकला, रात्रीत जे जायचं ते सकाळी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणारं यंत्र, भरून काढायचा. लिथियमने दोष निर्माण केला नाही, उघडा पाडला. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांत असलं काहीतरी असतंच. शिशाच्या त्या जादा सात किलोंत बसवणाऱ्याचा आळस, मालकाचा विसरभोळेपणा, उघडी राहिलेली डिकी, सगळं मावतं. ते वजन काढलं की प्रत्येक मिलिअँपियरचा हिशेब आपल्याला ठेवावा लागतो. माझं म्हणणं काय ते एवढंच, आणि मी ते त्याला दोनदा सांगितलं.

०.४ व्होल्टचं कोडं

लिथियमच्या डब्यात बीएमएस नावाचं राखणदार सर्किट असतं. सेल धोक्याच्या खाली उतरायला लागले की ते आतूनच वाट तोडतं. म्हणून बाहेर ०.४ व्होल्ट दिसतो, आतले सेल मात्र शाबूत असतात. बाकीच्यांना ही बॅटरी मेलेली वाटते आणि ते फेकून देतात.

सकाळी पिशवीत बूस्टर केबल होती, पण लावली नाही. रिकामी लिथियम भरलेल्या बॅटरीला किंवा चालू गाडीच्या अल्टरनेटरला जोडली की अधाशासारखी ओढते, मिळेल तितकं. तिला आतून रोध कमी. केबल तापते, अल्टरनेटरला पूर्ण भार सलग सोसावा लागतो, तो त्यासाठी बनवलेला नसतो. आम्ही टेबलावरच्या चार्जरने ४ अँपियरवर, १४.४ व्होल्टची मर्यादा लावून भरली. चार्जर लागताच बीएमएस जागं झालं, तीन तासांत काम आटोपलं. जुनाट शिशाच्या बॅटऱ्या सुधारायची सोय असलेले चार्जर हिला लावायचे नाहीत, ते मध्येच पंधरा-सोळा व्होल्टचे झटके देतात.

मला खरी धास्ती वाटते ती याच राखणदाराची, पण गाडी चालू असताना. उभ्या गाडीत वाट तुटली तर ऑफिसला उशीर होतो. चालत्या गाडीत, बॅटरी फार तापली किंवा व्होल्टेज फार चढला म्हणून बीएमएसने वाट तोडली, तर अल्टरनेटरचा धक्का शोषायला कोणी उरत नाही. तो इसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत जातो. आणि या गाडीचं स्टिअरिंग विजेवर चालणारं आहे. पन्हाळ्याच्या वळणावर ते अचानक जड झालेलं कोणाला नको. या गाडीचा अल्टरनेटर तपासला, १४.३ च्या वर जात नाही, म्हणून थोडा जीव भांड्यात पडला. ज्या नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो आणि चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, किंवा सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, त्यांच्या वाटेला या कामासाठी जाऊच नये.

थर्मोकोलबद्दल तर मी त्याला शिव्याच दिल्या. टाय तुटला असता तर पॉझिटिव्ह टर्मिनल थेट पत्र्याच्या क्लॅम्पवर. दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे लेथ आहे, तिथून पितळेचे दोन खांब वळवून आणले, कारण हिला बोल्टचे टर्मिनल आणि गाडीच्या केबलला शिशाच्या खांबाचे क्लॅम्प. ॲल्युमिनियमचा ट्रे वाकवला, पॉझिटिव्हवर रबरी टोपी बसवली. खांब, ट्रे आणि पट्टी काट्यावर टाकली, ७०० ग्रॅम. सात किलो दोनशेचे साडेसहा झाले.

जिन्याखालची बॅटरी

शिशाचीही कथा आहे. फेब्रुवारीपासून ती तशीच पडून होती. आईने तिच्याखाली पोतं घातलं होतं, फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते म्हणून. हा समज मोठमोठ्या मिस्त्रींचाही आहे. जुन्या काळी बॅटरीचे खोके रबराचे, लाकडाचे असत तेव्हा त्यात तथ्य असेल, आताच्या प्लॅस्टिकला फरशी काय आणि पोतं काय. शिशाची बॅटरी ठेवल्या जागी महिन्याला काही टक्के उतरतेच. मीटरवर १२.१ व्होल्ट होती, हायड्रोमीटरने आतल्या आम्लाची घनता पाहिली, सहाही सेल १.१९० च्या आसपास. रात्रभर ३ अँपियरवर ठेवली. सकाळी १.२५०. पूर्वीचं १.२७० काही परत आलं नाही. चार महिने दर महिन्याला एक रात्र चार्जर लावला असता तर हेही नुकसान नव्हतं.

मग सात किलोंचं काय

तो तयारीनेच आला होता. "काका, पण ट्रॅकवर फरक पडतोय."

गाडी साडेनऊशे किलोंच्या पुढे, हा सत्तर किलोंचा. मिळून हजारच्या वर. साडेसहा किलो म्हणजे पाऊण टक्काही नाही. शून्य ते शंभरला तेरा सेकंद लागत असतील तर आठ-नऊ शतांश सेकंद. ट्रॅकवर ते मोजता येतात आणि शर्यतीत माणसं शतांशाने हरतात, हे मान्य. पण ही टाकी ४२ लिटरची. लिटरला पाऊण किलो धरलं तर भरलेली टाकी एकतीस-बत्तीस किलो. फेब्रुवारीत तो टाकी फुल करून गेला होता. पाव टाकीने गेला असता तर तेवीस किलो फुकटात कमी. डिकीत स्टेपनी, ती काट्यावर टाकली तर १४ किलो. जॅक-पाना वेगळा.

तो थोडा वेळ काट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे मी टाकी रिकामी ठेवायची सोडून बॅटरीवर पैसे घातले."

ठरलं ते असं. लाल वायर किल्लीवर घेतली, आता सिस्टिमला गाणं लावायला मिनिट लागतं आणि तो कुरकुरतो. रोजच्या रस्त्याला शिशाची बॅटरी. ट्रॅकच्या दिवशी लिथियम, बदलायला दहा मिनिटं. उभ्या गाडीचा करंट आता ३९ मिलिअँपियर, त्यामुळे लिथियम राहिली तरी बारा दिवस निभावते, पण त्याने मी सांगितलं म्हणून दहाच्या आत चार्जर लावायचं कबूल केलं.

नोव्हेंबरमध्ये तो परत आला, ट्रॅकच्या आदल्या दिवशी. लिथियम बसवली, मॅट काढल्या, टाकी पाव, जॅक आणि स्टेपनी माझ्या दुकानात उतरवली. संध्याकाळी दोन बोटं वर करून दाखवत आला, किती वेळ कमी झाला ते सांगत होता. मी शिशाची बॅटरी परत घालून दिली. गडबडीत तो तसाच गेला.

त्याला तीन आठवडे झाले. मध्ये एकदा गगनबावड्याला जाऊन आला म्हणे. स्टेपनी इथे दाराशी उभी आहे, पोरं तिच्यावर बसून चहा पितात. फोन केला तर म्हणतो, "येतो की काका, रविवारी."